शेवटचा बदल : काल

फुकट मिळतं त्याला किंमत नसते, असं म्हणणाऱ्या माणसाला मी आमच्या अभ्यासिकेची पायरी चढू देत नाही. घाटकोपरच्या डोंगरावर, विहाराच्या वरच्या खोलीत, सहा जुने कॉम्प्युटर आणि दोन पंखे एवढ्या भांडवलावर नऊ वर्षं मी ही अभ्यासिका चालवतेय. त्याआधी पालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. रिटायर झाले, गुडघे गेले, पण ओरडायची सवय काही गेली नाही. वस्तीत मला चेतना टीचर म्हणतात. मागून काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

तर फुकटचे कोर्स. जगातल्या बड्या बड्या विद्यापीठांनी आपले वर्ग इंटरनेटवर उघडे टाकलेत. या, बसा, शिका, दारात कुणी अडवणार नाही. माझ्या आजोबांना शाळेत वर्गाबाहेर बसवायचे, खिडकीतून जे ऐकू येईल ते शिकायचं. त्यामुळे हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू. पहिल्याच वर्षी हौसेने एकेचाळीस जणांची नावं घातली. कोर्स पुरा किती जणांनी केला? तिघांनी. दार उघडं असतं हो, पण आत शिरल्यावर कळतं की घर रिकामं आहे. शिकवणारा चार वर्षांपूर्वी बोलून निघून गेलेला असतो, त्याचं नुसतं चित्र बोलत राहतं. शंका विचारायला एक पान असतं, तिथे कुणा परक्या देशातल्या पोराने कधीतरी लिहिलेलं असतं, ‘कुणी आहे का?’ आणि खाली उत्तर नसतं. चाळीस हजार नावं नोंदलेली आणि एकाचाही आवाज नाही. आमची पोरं इंग्रजीला घाबरून पळत नाहीत, या शांततेला घाबरून पळतात.

या रिकाम्या घरात द्रौपदी तायडे शिरली ती जानेवारीत, दुपारी तीन वाजता, हॉस्पिटलातून थेट. शेचाळीस वर्षांची बाई. बुलढाण्याकडची, लग्न होऊन इकडे आली. आठवी पास. एकोणीस वर्षं एका खाजगी हॉस्पिटलात वॉर्डातली मावशी. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला कूस बदलून द्यावी तर द्रौपदीनेच, असं तिथले डॉक्टर म्हणायचे. नवरा भाऊराव मरोळला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन. एकुलता एक मुलगा अनिरुद्ध दोन वर्षांपूर्वी डेंग्यूने चार दिवसांत गेला. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता, वीस पूर्ण झाली होती. त्याच्या पुण्यानुमोदनाला मी खाली विहारात होते. द्रौपदी तेव्हा रडली नव्हती, आलेल्या प्रत्येकाला पाणी विचारत होती. दहाव्या दिवशी ड्युटीवर हजर झाली.

तिच्या वॉर्डात नवीन मेट्रन आली होती. हॉस्पिटलात जंतूंचा संसर्ग कसा टाळावा, या विषयाचं सर्टिफिकेट मार्चअखेरपर्यंत आणेल ती मावशी वॉर्डात राहील, बाकीच्या धुलाईखान्यात, असा तिचा हुकूम होता. मी शोधाशोध केली आणि नेमका त्याच विषयावरचा एक फुकट कोर्स सापडला. सव्वीस धडे, शेवटी परीक्षा. शिकवणारी पांढऱ्या आखूड केसांची, बारीक ओठांची गोरी बाई. बोलणं सगळं इंग्रजीत, पण खालच्या पट्टीत मराठी सबटायटल होते. जगभर असे हौशी लोक असतात, दमडीही न घेता आपल्या भाषेत या खालच्या ओळी लिहून देतात. त्यांच्या जिवावरच आमच्यासारख्यांचं चालतं. मी द्रौपदीला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं, कानाला हेडफोन लावून दिला आणि वाच म्हटलं.

तिसऱ्या दिवशी ती उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मी हजेरीच्या वहीत डोकं घालून बसले होते, मला कळलंही नाही.

“टीचर,” ती म्हणाली, “ती बाई आमच्या घरातलं बोलते.”

मी खेकसले. म्हटलं, द्रौपदी, झोप झाली नसेल तर घरी जा, माझं डोकं खाऊ नको. तिने मला हाताला धरून नेलं आणि व्हिडिओ मागे घेतला. गोरी बाई हात धुवायला शिकवत होती. खाली ओळ आली: ‘अंगठ्याला विसरू नका. तो घरातल्या थोरल्यासारखा असतो. राबतो सगळ्यांत जास्त आणि त्याला कुणी विचारत नाही.’ द्रौपदी म्हणाली, हे ती स्वतः म्हणते, भाऊरावांना जेवायला वाढताना, चार माणसांत नवऱ्याची बाजू घ्यायची म्हणून. मी म्हटलं, असलं तर कुणीही म्हणेल. घरोघरी मातीच्या चुली. तेवढ्यात गोऱ्या बाईने भुवया उंच करून काहीतरी विचारलं आणि खाली ओळ उमटली: ‘असं काहून होते?’

आता मुंबईत ‘काहून’ कोण लिहितं, सांगा. पुस्तकी माणूस ‘का’ लिहील. मुंबईचा असेल तर ‘कशाला’ म्हणेल. काहून म्हणजे थेट द्रौपदीचं माहेर. तरी मी मान्य केलं नाही. वऱ्हाडातला कुणी असेल, म्हटलं, तिकडचीही पोरं शिकतात आता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. धडा पाचवा, ओल्या हातांचा. द्रौपदीने डोळे मिटले होते. वॉर्डात नव्याने येणाऱ्या प्रत्येक मावशीला ती एक वाक्य सांगते, ते ती पुटपुटली: “ओला हात म्हणजे उघडं दार.” मी पट्टीकडे बघत होते. पट्टी कोरी होती. गोऱ्या बाईचे ओठ हलले. दोन सेकंद गेले आणि पट्टीवर अक्षरं आली: ‘ओला हात म्हणजे उघडं दार.’ आणि लगेच खाली दुसरी ओळ: ‘माझी आई म्हणते.’

बावीस प्रतिज्ञांच्या घरात वाढलेली बाई मी. भूतखेत, अंगात येणं, असलं कुणी बोललं की आजही फाडकन बोलते. पण त्या भर दुपारी, खाली विहारात पोरांचा कॅरम चाललेला असताना, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. द्रौपदीचे डोळे अजून मिटलेलेच होते. तिने ती दुसरी ओळ पाहिली नव्हती. मी तिला हलवलं, बोट दाखवलं. तिने वाचली, परत वाचली, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

सबटायटल कुणी लिहिले ते बघायला एक बारीक चिन्ह असतं. मी त्याच्यावर क्लिक केलं. बारीक अक्षरांत दोन ओळी उघडल्या. ‘मराठी मजकूर : अनिरुद्ध तायडे.’ आणि खाली, ‘शेवटचा बदल : काल.’

डोंगरावरून विमानं अगदी खालून जातात, त्यातलं एक गेलं आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या. द्रौपदीने त्या नावावर बोट ठेवलं आणि लगेच उचललं.

“काल म्हणजे कधी?” तिने विचारलं.

काल म्हणजे मंगळवारी, मी सांगितलं. ती विचार करून म्हणाली की मंगळवारी दुपारी तर ती इथंच बसली होती. मग पिशवी उचलून गेली.

नंतर तिनेच हळूहळू सांगितलं. शेवटच्या वर्षभरात अनिरुद्ध तिला भलभलतं विचारायचा. आई, तुम्ही वॉर्डात याला काय म्हणता? पेशंटची चादर कशी गुंडाळता, आत की बाहेर? हात धुवायला नव्या बाईला कसं शिकवता? ती भाकऱ्या थापता थापता सांगायची आणि हसायची, मावशी होतोस का काय रे! तो मोबाइलमध्ये काहीबाही टाइप करत राहायचा. तिला वाटायचं, कॉलेजचं असेल. पोरगा लाजाळू, घरात कुणाला बोलला नाही. आईला समजेल अशा भाषेत एक अख्खा कोर्स लिहायला घेतला होता त्याने. ते ऐकून मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले, कारण माझा चेहरा मला तिला दाखवायचा नव्हता.

पण ‘काल’चं काय? ते डोक्यातून जाईना. सकाळी एकटीने अभ्यासिकेचं कुलूप काढायला मला जड जायला लागलं. आधी खिडक्या उघडायच्या, मग भिंतीला पाठ लावून बसायचं. कोपऱ्यातला तो बंद स्क्रीन मला दिसत राहायचा. शेवटी मी खंडूला फोन केला. खंडू माझा जुना विद्यार्थी, आता मरोळला एका कॉम्प्युटर कंपनीत आहे. त्याने घरून सगळं तपासलं आणि दोन दिवसांनी समजावून सांगितलं. अनिरुद्धने सतरा धडे लिहिले होते. अठराव्यापासून लिहिणारा माणूस थांबला, म्हणून त्या कोर्सवाल्यांचं मशीन पुढे लिहायला लागलं. त्याने अनिरुद्धच्या सतरा धड्यांवरून त्याची ढब उचलली, आणि आता ते त्याच्याच नावाने लिहितं. लिहून थांबत नाही. अठराव्यापासून पुढचं रोज थोडं थोडं बदलत राहतं. हल्ली असंच असतं टीचर, तो म्हणाला, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. म्हटलं, तुला नाही रे, तुझं वय काय!

हे द्रौपदीला सांगायचं म्हणजे मला मोठं संकट वाटलं. पण तिला ते आधीच कळलं होतं. अठराव्या धड्यापासून खालचा अनिरुद्ध वेगळा झाला होता. शब्द त्याचेच, पण जागा चुकलेल्या. खरा अनिरुद्ध प्रत्येक धड्याच्या शेवटी लिहायचा, ‘झालं. आता थोडं पाणी प्या.’ मशीनने ते वाक्य पकडलं आणि कुठेही टाकायला लागलं. विसाव्या धड्यात एका पेशंटच्या मरणाची हकिकत आहे. गोरी बाई मान खाली घालून गप्प होते. खाली ओळ येते: ‘झालं. आता थोडं पाणी प्या.’ आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ‘माझी आई म्हणते’. खऱ्याने ते एकदाच लिहिलं होतं. मशीन दर चार ओळींनी लिहायचं, आणि पुढे जे यायचं ते द्रौपदी जन्मात कधी म्हणाली नव्हती.

“तापात बडबडायचा ना तो शेवटी,” ती म्हणाली, “तसंच आहे हे. मलाच आई म्हणायचा आणि मलाच ओळखायचा नाही. पण टीचर, बोलत होता. तापातला का होईना, बोलतोय ना.”

मी हेडफोन परत तिच्या हातात दिला.

फेब्रुवारीअखेर द्रौपदीने परीक्षा दिली. प्रश्न मी वाचून मराठीत सांगितले, उत्तरं तिची. शंभरातले एक्क्याण्णव. सर्टिफिकेटवर तिचं नाव इंग्रजीत छापून आलं. मेट्रनने ते नोटीस बोर्डावर लावलं. धुलाईखाना टळला. तिने पेढे आणले आणि पहिला पेढा कॉम्प्युटरसमोर ठेवला. मी रागावले. म्हटलं, इथे असले चाळे चालणार नाहीत. तिने तो उचलून मला दिला, आणि मी खाल्ला.

आता खरं तर तिचं इथलं काम संपलं होतं. पण ती येतच राहिली. रोज तीन ते पाच, तीच खुर्ची. पहिले सतरा धडे ऐकायची नाही, तोंडपाठ झाले होते. अठराव्यापासून पुढे बसायची, आज नवीन काय म्हणतोय ते बघायला. कधी मोठ्याने उत्तर द्यायची, “हे मी नाही रे बोलले कधी.” दोन पोरी जागा बदलून पलीकडे बसायला लागल्या. मी सूर्य मावळायच्या आत दिवा लावायला लागले. तिला समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. ती ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी परत तीन वाजता हजर. वर तिने वॉर्डातल्या अकरा जणींना हाच कोर्स करायला लावला. भीती वाटली तर खालचं वाचा, म्हणायची, खाली माझ्या पोराने लिहिलंय. सगळ्यांना छाती काढून सांगायची. तिचं ते सांगणं बघून मला बरंही वाटायचं.

त्या अकरा जणींत जानकी म्हणून एक होती. जोगेश्वरीची, सव्वीस वर्षांची, वर्षाच्या मुलीची आई. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जानकीने वॉर्डात ट्रे उचलताना एक वापरलेली सुई हातात घेतली आणि तिला टोपण घालायला गेली. सुई अंगठ्यात गेली. पेशंटला रक्तातून पसरणारी कावीळ होती. आता वापरलेल्या सुईला परत टोपण घालायचं नाही, ती तशीच सुईच्या डब्यात टाकायची, हे वॉर्डातलं पोरही सांगेल. मेट्रनने विचारलं, ही अक्कल कुठून आली? जानकीने रडत रडत मोबाइल पुढे केला. चोविसावा धडा. द्रौपदी तिथेच उभी होती. तिने तो वाचला.

त्या दुपारी तिने तो मला आणून दाखवला. गोरी बाई हातात सुई धरून उभी आहे. ती ठासून ‘नेव्हर’ म्हणते, दोनदा म्हणते, मान डावीउजवीकडे हलवते. आणि ती मान हलत असताना खाली ओळ येते: ‘माझी आई म्हणते, उघडी सुई म्हणजे उघडं दार. बाळाला टोपडं घालतो तसं सुईला टोपण घाला.’

“मी बघितलं तेव्हा असं नव्हतं,” द्रौपदी म्हणाली. “तेव्हा ‘नका’ होतं. तेव्हा बरोबर होतं.”

मी चिन्हावर क्लिक केलं. तायडे, अनिरुद्ध. शेवटचा बदल, काल.

जानकीला लगेच इंजेक्शनं दिली, रक्त तपासलं. पहिली तपासणी चांगली आली, पुढची तीन महिन्यांनी. तोवर तिला मुलीला जवळ घ्यायचीसुद्धा भीती. डॉक्टरांनी किती सांगितलं तरी जाईना. ती द्रौपदीला एक शब्दही वाईट बोलली नाही. तुमच्या मुलाचं आहे म्हणून मी डोळे झाकून केलं मावशी, एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी त्याच दिवशी कोर्सवाल्यांना तक्रार लिहिली, इंग्रजीत, कडक शब्दांत. हे वाचून माणसं मरतील, ताबडतोब काढा. चोवीस तासांत उत्तर आलं, आणि ते मराठीत होतं. ‘तुम्ही काहून तक्रार केली ते समजलं. बदल सुचवल्याबद्दल आभार. तो अनिरुद्धकडे पाठवला आहे. तो विश्वासू लेखक आहे. त्याच्या उत्तराची वाट पाहा, लाजू नका.’ हे वाचून मी खुर्ची मागे ढकलून उठले. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. माणूस कुठे आहे, मी खंडूवर फोनवर ओरडले, त्या अख्ख्या विद्यापीठात एक जिवंत माणूस नाही का रे?

खंडूने नियम शोधून काढले. लेखकाच्या परवानगीशिवाय त्याच्या मजकुराला हात लावत नाहीत. तक्रार लेखकाकडेच जाते. एकच अपवाद. लेखक वारल्याचं त्याच्या जवळच्या नातेवाइकाने कळवलं तर खातं बंद होतं आणि त्याच्या नावावरचं सगळं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, दोन दिवसांत निघून जातं. मशीनचंही आणि त्याचंही. अर्धं ठेवता येत नाही.

मी द्रौपदीला हे सांगितलं आणि लगेच पुढचंही सांगितलं, की खंडू पहिल्या सतरा धड्यांच्या ओळी उतरवून देईल, मी छापून आणीन, बायका त्या वाचून शिकतील, काही वाया जाणार नाही. ती म्हणाली, बायकांसाठी छापा. मला नको. कागदावर तो बोलत नाही.

तिथे तो बोलत होता, हे खरंच होतं. ओठ हलायचे आणि नेमक्या वेळी त्याचा शब्द यायचा. दुनियेत तेवढी एकच जागा होती जिथे तिच्या पोराला अजून काही म्हणायचं होतं. ती स्वतः पास झाली होती. नोकरी पक्की होती. गप्प बसली असती तर तिला कुणी विचारणार नव्हतं. खोटं नाही सांगत, मीसुद्धा मनात म्हणाले, अकरा जणींना आपण तोंडी सांगू, नका वाचू म्हणून, आणि द्रौपदीचं हे एवढं तिला राहू दे. पण पानावर आकडा असतो. मराठी सबटायटल लावून तो कोर्स बघणारे तीनशे सत्तर जण होते. सांगलीचे, नांदेडचे, कुठले कुठले. त्यांना तोंडी कोण सांगणार?

तीन दिवस ती आली नाही. चौथ्या दिवशी भाऊराव आले, वॉचमनच्या कपड्यांतच. आजवर ते कधी वर चढले नव्हते. मला जरा दाखवता का, म्हणाले. मी पहिला धडा लावला. उभ्यानेच बघितला, बसले नाहीत. अंगठ्याची ओळ आली तेव्हा ओठ हलवत सावकाश वाचली. धडा संपल्यावर टोपी घातली आणि म्हणाले, तिला जे करायचं ते करू दे, मी आडवा येणार नाही. जिन्यात बराच वेळ त्यांच्या पावलांचा आवाज आला नाही. मी बाहेर जाऊन पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी द्रौपदी तीन वाजता आली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर न बसता माझ्या टेबलासमोर बसली. फॉर्म काढा, म्हणाली. मी काढला. मयताचं नाव, तारीख, कळवणाऱ्याचं नातं. ‘आई’ मी भरलं. शेवटी एक मोठा रिकामा चौकोन होता, काही सांगायचं असेल तर. मी म्हटलं, हा सोडून दिला तरी चालतो.

ती म्हणाली, नको, त्याच्यात नीट कळवू. मग तिने मला तिच्या आज्याची गोष्ट सांगितली, जी मला वेगळी सांगायची गरज नव्हती, कारण तीच माझ्याही घरची. गावात कुणीही मेलं, कुठल्याही वाड्यातलं, की मयताचा सांगावा घेऊन पायी धावायचं काम आमच्या माणसांचं. ऊन असो, पाऊस असो, सहा कोस, आठ कोस. दुसऱ्या गावच्या वेशीत उभं राहून सांगायचं आणि उलट पावली यायचं. कुणी पाणी दिलंच तर तेही ओंजळीत वरून ओतायचं. पुढे आपण ताठ मानेने ती कामं सोडली, आणि चांगलं केलं.

“आज्याने अख्ख्या गावाचे सांगावे नेले, टीचर,” ती म्हणाली. “आपल्या घरचा एक राहून गेला. दोन वर्षं झाली, तिथे कुणी कळवलंच नाही. मग तो बिचारा लिहीत बसेल नाहीतर काय करेल?”

आणि तिने मजकूर सांगितला, थांबत थांबत, पत्राच्या रीतीने. ‘जय भीम. आमचा मुलगा अनिरुद्ध भाऊराव तायडे, वय वीस, हा दोन वर्षांपूर्वी तापाने वारला. त्याने तुमच्याकडे सतरा धडे लिहिले, ते चांगले लिहिले. त्याच्या पुढचे त्याचे नाहीत, आणि मी तसं कधी म्हणाले नाही. आता त्याच्याकडे काही पाठवू नये. कळवायला उशीर झाला, माफी असावी.’

मी वहीत उतरवून घेतलं. डोळे पुसले, चष्मा पुसला, आणि म्हटलं, आता हे इंग्रजीत करते. तिकडच्या माणसांना मराठी कुठून कळणार?

द्रौपदीने माझ्या मनगटावर हात ठेवला.

“मराठीतच जाऊ द्या, टीचर,” ती म्हणाली. “तिथे वाचणारा आहे.”

मी मराठीतच टाइप केलं. बटण तिने दाबलं.